रविवारी शोरूम उघडं, टेबलं बंद: बेळगावातल्या कार-खरेदीच्या रविवारच्या सेवेचं परीक्षण

बेळगावात रविवारी कार बघायला जरूर जावं. पैसे भरायला आणि गाडी घरी आणायला मात्र कामाचा दिवस निवडावा. शोरूमचा दरवाजा, एसी आणि गोड बोलणारा सेल्समन रविवारीही असतो, पण गाडी ज्यांच्या सहीने तुमच्या नावावर होते त्यातले निम्मे लोक त्या दिवशी टेबलावर नसतात. हे परीक्षण कुठल्याही एका कंपनीचं किंवा एका डीलरचं नाही. बेळगाव शहर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक, खानापूर या पट्ट्यातला ग्राहक रविवारी शोरूमच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला कोणती सेवा खरोखर मिळते आणि कोणती मिळाल्यासारखी वाटते, हे इथे टेबलागणिक तपासलं आहे.

आधी कायद्याचं बघू, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कुणी म्हणतं रविवारी दुकान उघडणं बेकायदा आहे, कुणी म्हणतं आता सगळं चोवीस तास खुलं आहे, सुट्टीचा प्रश्नच उरला नाही. दोन्ही चूक. इथे लागू असलेला कायदा म्हणजे १९६१चा कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तेव्हा १९४८चा मुंबईचा कायदा चाले. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचा दंडक तेव्हाही होता. पण हा एक दिवस म्हणजे रविवारच, असं कायदा सांगत नाही. वार मालकाने ठरवायचा, त्याची सूचना दर्शनी जागी लावायची आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यात एक पूर्ण दिवस पगारी सुट्टी द्यायची. कॅश काउंटरच्या मागे परवान्याच्या फ्रेमशेजारी कन्नडमध्ये ‘वारद रजे’ असं लिहून पुढे वाराचं नाव घातलेला कागद दिसतो, तो हाच. ‘रजा’ शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे कन्नड वाचता येत नसलं तरी कुणाला विचारून तो वार समजून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरा भाग जानेवारी २०२१च्या अधिसूचनेचा. कर्नाटक सरकारने १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली, सुरुवातीला तीन वर्षांसाठी आणि अटी घालून. सगळ्यात महत्त्वाची अट ही की पाळीपाळीने प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी देता येईल इतकी जादा माणसं नेमायची. त्याबरोबर, त्या दिवशी कोण सुट्टीवर आहे याची यादी रोज दर्शनी भागात लावायची. रात्री ८ नंतर महिला कर्मचाऱ्याला थांबवायचं असेल तर तिची लेखी संमती, सुरक्षितता आणि घरी पोहोचवायची सोय, हीही अट आहे. म्हणजे दुकानाला सुट्टी नसली तरी माणसाला आहेच. मोठी कार-शोरूम या मुभेवर रविवारी उघडी असतात. दहापेक्षा कमी माणसं असलेला तालुक्याच्या गावातला सब-डीलर किंवा जुन्या गाड्यांचा अड्डा या मुभेत बसत नाही, त्याने आठवड्यातला एक दिवस शटर खाली ठेवायला हवं.

ग्राहकाला याचं काय, असं वाटेल. पण गाडीच्या खरेदीत तुमची फाइल एका माणसाच्या हातात असते. बुकिंग त्याने घेतलेलं असतं, सवलतीचा आकडा त्याच्या डायरीत असतो, फायनान्सवाल्याशी त्याचं बोलणं झालेलं असतं. त्याची सुट्टी मंगळवारी असेल आणि तुमचं कर्ज मंगळवारी मंजूर झालं, तर फाइल बुधवारपर्यंत हलत नाही. म्हणून बुकिंग करण्याआधी पहिला प्रश्न गाडीच्या रंगाचा नको. ‘तुमची सुट्टी कुठल्या वारी असते, आणि त्या दिवशी माझी फाइल कोण बघणार?’ हा हवा. उत्तर चटकन आलं, दुसऱ्या माणसाचं नाव आणि नंबर मिळाला, तर त्या शोरूमचा कारभार ठीक आहे असं समजा. ‘आम्हाला कसली सुट्टी सर, तुम्ही कधीही फोन करा’ हे ऐकायला बरं वाटतं, पण तो धोक्याचा इशारा आहे. सलग वीस-पंचवीस दिवस उभ्याने काम केलेला माणूस कागदावर चुका करतो, आणि या सीमाभागात कागदावरची चूक फार महाग पडते.

ती कशी, हे जवळून बघण्यासारखं आहे. ज्ञानेश्वर नावाचा माणूस घ्या. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर मराठी वळणाने इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय ने सुरू होतं. आधार कन्नड नोंदीवरून झालं असेल तर तेच नाव जे-एन ने. पत्त्यात एका कागदावर बेळगाव जुन्या स्पेलिंगने, दुसऱ्यावर २०१४ नंतरच्या ‘बेळगावी’ या अधिकृत नावाने. नोंदणीच्या अर्जात आधारचं नाव, कर्जाच्या करारात पॅनचं, विम्यात सेल्समनने ऐकून टाइप केलेलं तिसरंच. गाडी रस्त्यावर येते, काही बिघडलं आहे असं वाटत नाही. मग अपघाताचा दावा करताना किंवा कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवताना हे तीन ज्ञानेश्वर एकमेकांना ओळखत नाहीत. शहराच्या नावाचा फरक सहसा चालून जातो, माणसाच्या नावाचा नाही. उपाय सोपा आहे. बुकिंगच्या दिवशीच कागदावर मोठ्या अक्षरात आधारप्रमाणे एकच स्पेलिंग लिहून द्या, त्याचा फोटो काढून ठेवा आणि बिल, विमा, कर्जाचा करार व नोंदणीचा अर्ज, या चारही ठिकाणी तेच आहे का ते सही करण्याआधी अक्षर अक्षर जुळवा. पॅन वेगळं असेल तर गाडी घेण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. रविवारच्या गर्दीत ही जुळणी होत नाही. गुरुवारी दुपारी ती दहा मिनिटांत होते.

आता टेबलं. टेस्ट ड्राइव्ह आणि पाहणी हा रविवारच्या सेवेतला सगळ्यात चांगला भाग, पाचपैकी चार गुण. घरातली सगळी माणसं असतात. मागच्या सीटवर आजी चढून बघू शकते, तिघं बसल्यावर मधल्याचे गुडघे कुठे लागतात ते कळतं, डिकीत तांदळाचं पोतं आडवं मावतं का हेही. एक गुण कापला तो रस्त्यांमुळे. रविवारी सकाळी चन्नम्मा चौक ते गोगटे सर्कल मोकळं असतं, त्यामुळे क्लच किती जड आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी किती धक्के देते, गर्दीत एसी कसा चालतो, हे कळतच नाही. सेल्समन सरळ हायवेला नेतो आणि गाडी तिथे छान पळते, ती पळणारच. त्याला टिळकवाडीच्या रेल्वे गेटांच्या बाजूने घ्यायला सांगा. गेट पडलेलं असेल तर उत्तमच. रुळावरून पहिल्या गिअरवर गाडी नेताना सस्पेन्शनचा आवाज ऐकू येतो आणि थांबून निघताना क्लच कळतो. चढाची परीक्षा हवी असेल तर वंटमुरी घाटापर्यंत नेऊ देतात का ते विचारा. पेट्रोलची लहान इंजिनं चार माणसं आणि एसी चालू असताना तिथेच खरं काय ते सांगतात. मूळ लायसन्स किंवा डिजिलॉकरमधलं लायसन्स जवळ हवं आणि डेमो गाडीचा विमा चालू आहे हे निघण्याआधी बघून घ्यावं. ज्यांना रोज शहरात गाडी चालवायची आहे त्यांनी रविवारची टेस्ट ड्राइव्ह पुरेशी धरू नये. तीच गाडी एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा मागावी.

पैसे भरण्याचं टेबल रविवारी अर्धवट असतं. अकाउंटंट सहसा नसतो, त्याच्या जागी कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन बसलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या पैसे पाठवायला अडचण नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. रोख मात्र २ लाख किंवा त्याहून जास्त घ्यायला कायद्याने बंदी आहे, ती रविवारीही आहे, आणि ‘दोन पावत्या करू’ हा त्यावरचा उपाय नाही. खरी अडचण यूपीआयची. कॅशिअर नाही म्हणून ‘माझ्या नंबरवर टाका सर, उद्या जमा करतो’ असं कुणी म्हणालं तर टाकू नका. स्कॅन केल्यावर पडद्यावर फर्मचं नाव यायला हवं, माणसाचं आलं तर तिथेच थांबा. बुकिंगची रक्कम लहान ठेवा आणि पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, त्या दिवशीची एक्स-शोरूम किंमत, कबूल केलेली सवलत, आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत, हे सगळं लिहून घ्या. ‘आजच्या दिवसाची ऑफर’ बहुतेक वेळा महिन्याच्या विक्रीच्या उद्दिष्टाशी बांधलेली असते, रविवारशी नाही. या टेबलाला पाचपैकी दोन.

कर्जाचं टेबल त्याहून कमी. शोरूममध्ये बसणारा फायनान्सचा माणूस रविवारी पात्रता तपासू शकतो, कागद गोळा करू शकतो, हप्ता सांगू शकतो. पण डीलरला गाडी सोडायला जो कागद लागतो, ज्याला सगळे ‘डीओ’ म्हणतात तो डिलिव्हरी ऑर्डर, बँकेच्या शाखेतून कामाच्या दिवशीच निघतो. त्यात दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात. म्हणजे महिन्यातले दोन शनिवार-रविवार जोडून दोन दिवस काहीही हलत नाही. काही जण यावर तोड म्हणून शुक्रवारीच कर्जाची रक्कम डीलरच्या खात्यात टाकायला लावतात आणि गाडी सोमवारी देतात. व्याज मात्र रक्कम सुटल्या दिवसापासून चालू होतं. ८ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी दिवसाला साधारण १९७ रुपये, तीन दिवसांचे ५९० च्या आसपास. रक्कम मोठी नाही, पण ती आपली आहे. वाटाघाटीत ‘रक्कम सुटल्यापासून ४८ तासांत गाडी’ ही अट घालता येते आणि चांगले डीलर ती मानतात.

विमा हे एकच टेबल रविवारीही पूर्ण चालतं, कारण पॉलिसी ऑनलाइन निघते. नव्या कारला तृतीय पक्षाचा विमा ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, दुचाकीला ५ वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १ वर्षाचा घेता येतो. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दर काढून आणा आणि समोर ठेवा. पॉलिसी हातात आली की दोन गोष्टी बघा: चासी नंबर बिलाशी जुळतो का, आणि संरक्षण कुठल्या तारखेला, किती वाजता सुरू होतं. गाडी संध्याकाळी पाचला मिळणार आणि विमा मध्यरात्रीपासून सुरू होणार असेल, तर मधले सात तास गाडी विम्याविना रस्त्यावर असते.

आणि मग सगळ्यात मोठं, डिलिव्हरी. रविवारी गाडी घरी न्यायची हौस समजण्यासारखी आहे. पाहुणे येतात, देवळात पूजा होते. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा सांगतो की डीलरने नोंदणीसाठी अर्ज केलेली नवी गाडी, नोंदणी क्रमांक गाडीवर लागल्याशिवाय मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. अर्ज पोर्टलवर कधीही भरता येतो, कर ऑनलाइन भरता येतो, पण आरटीओच्या टेबलावरचं काम कामाच्या दिवशीच पुढे सरकतं. नंबर आल्यावर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बनून यायला आणखी वेळ. त्यामुळे रविवारी गाडी हवी असेल तर नंबर शुक्रवारपर्यंत आलेला असायला हवा आणि प्लेट शनिवारी बसलेली. ‘आज घेऊन जा, प्लेट नंतर या आणि बसवून घ्या’ हे कायद्यात बसत नाही. वाटेत अपघात झाला तर त्याचा त्रास डीलरला नाही, तुम्हाला.

प्लेट बसली आहे म्हणजे खरी आहे का, हेही तिथेच बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यात चक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’, खाली डावीकडे लेसरने कोरलेला बारीक क्रमांक. प्लेट स्क्रूने नाही, एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने लावलेली असते. समोरच्या काचेवर आतून नोंदणीचा स्टिकर हवा, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. बेळगावची गाडी केए-२२, चिक्कोडीची केए-२३, बैलहोंगलची केए-२४, गोकाकची केए-४९. निपाणीचा माणूस बेळगावात गाडी घेतो तेव्हा नोंदणी कुठल्या कार्यालयात करायची हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर डीलर सवयीने २२ टाकून मोकळा होतो.

रविवारच्या डिलिव्हरीत नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे गाडीची आधीची तपासणी, पीडीआय. शोरूमच्या काचेत चमकणारी गाडी तुमची नसते. तुमची शहराबाहेरच्या यार्डात धुळीत उभी असते, आणि यार्डाची किल्ली ज्याच्याकडे असते तो रविवारी गावाला. मग ‘आम्ही तपासली आहे सर’ म्हणून हार घातलेली गाडी समोर येते. ही तपासणी पैसे पूर्ण भरण्याआधी, दिवसाच्या उजेडात, यार्डात जाऊनच करावी. छताखालच्या ट्यूबलाइटमध्ये रंगाची दुरुस्ती दिसत नाही, उन्हात तिरकं बघितलं की दाराच्या आणि बॉनेटच्या रंगातला फरक लगेच कळतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनीचे आकडे एकमेकांच्या जवळचे असावेत. एखादाच फार वेगळा असेल तर तो का बदलला ते विचारा. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनी गाडीबरोबर देते त्या प्रमाणपत्रावर, लिहिलेलं असतं. टायर त्या महिन्यानंतरचे असतील तर ते नंतर बदललेले आहेत. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. मीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून दोन दिवसांनी पुन्हा बघा, तरी उतरली तर बदलून मागा. ओडोमीटर, दोन्ही किल्ल्या, जॅक, स्टेपनीची हवा, आणि चासी नंबर बिलावर जसाच्या तसा. रविवारच्या डिलिव्हरीला म्हणून पाचपैकी दीडच. तो दीडही शनिवारी सगळं उरकून ठेवणाऱ्या डीलरसाठी.

वर्कशॉपचं थोडक्यात. पहिली मोफत सर्व्हिस, ऑइल बदलणं, धुलाई, एवढ्यासाठी रविवारची वेळ घ्यायला हरकत नाही, गर्दी कमी असते. अपघाताचं काम, गिअरबॉक्स, सतत येणारा आवाज, यासाठी रविवारी जाऊ नका. विम्याचा सर्व्हेअर येत नाही, स्पेअरचं कोठार फक्त हाताशी असलेला माल देतं, आणि आवाज ओळखणारा जुना मेकॅनिक बहुधा त्याच दिवशी सुट्टीवर असतो.

सीमेपलीकडचा पर्याय अनेकांच्या मनात असतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात, कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, रविवारचा फेरफटका म्हणून लोक तिकडची शोरूमही बघून येतात. बघायला हरकत नाही. पण नोंदणी मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा व्यवसाय आहे त्याच राज्यात करावी लागते. करातला फरक मोहात पाडणारा आहे: ९ लाखांच्या पेट्रोल कारला कर्नाटकात १४ टक्के आजीवन कर आणि त्यावर ११ टक्के उपकर धरून १,३९,८६० रुपये होतात. महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ९९,००० च्या आसपास. हा चाळीस हजारांचा फरक वाचवायला कागलच्या मावशीचा पत्ता देऊन कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर घेणं हा वाचवण्याचा मार्ग नव्हे. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नवीन नोंदणी आणि वयानुसार इथला कर भरावा लागतो. तिकडचा भरलेला कर परत मिळवायला तिकडच्या कार्यालयाचे खेटे वेगळे.

जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर रविवारी सगळ्यात जास्त गर्दी असते आणि तिथे ही एमएच-०९ स्वस्त म्हणून दाखवली जाते. किमतीत इथला कर आणि तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, कोण करणार हे लेखी घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, किती चलन थकली आहेत, विमा कधीपर्यंत आहे, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून रविवारीही दिसतं. ते तिथेच, मालकासमोर बघा.

आता एक मोठा प्रश्न, शोरूम रविवारी बंदच ठेवायला लावणारा कायदा इथे हवा का. असे कायदे जगात आहेत आणि चांगले चालतात. अमेरिकेत इलिनॉय, इंडियाना, आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, मिसुरी, ओक्लाहोमा अशा अनेक राज्यांत रविवारी कार विकायला बंदी आहे. मुळात तो चर्चचा दिवस म्हणून आलेला नियम, पण १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रविवारबंदीचे कायदे वैध ठरवले ते सगळ्यांना एकत्र मिळणारी विश्रांती हा हेतू धरून. लक्षात घेण्यासारखं हे, की या बंदीच्या बाजूने बऱ्याच ठिकाणी खुद्द कार डीलरच उभे असतात. बँक बंद, नोंदणी बंद, मग एकाने उघडलं म्हणून दुसऱ्याने उघडायचं, आणि विक्री तेवढीच राहते, फक्त सहा दिवसांऐवजी सातांवर पसरते. टेक्सासने मधला मार्ग काढला: शनिवार किंवा रविवार, दोन्हीपैकी एकच दिवस विक्री. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचं संरक्षण आहे, तरीही डीलर रविवारी ‘बघण्याचा दिवस’ ठेवतात. गाड्या उघड्या, लोक बसून बघतात, पण सल्ला नाही, विक्री नाही, टेस्ट ड्राइव्ह नाही, आणि तसं पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं.

आपल्याकडे सक्तीचा रविवार बसणार नाही. उद्यमबागेतला कामगार, कॅम्पातला जवान, खेड्यातून येणारा शेतकरी आणि त्याचा पुण्याला नोकरी करणारा मुलगा, यांना एकत्र यायला रविवारच असतो. पण जर्मनीची ती पाटी इथे हवी असं मला मनापासून वाटतं. ‘आज गाडी बघता येईल, टेस्ट ड्राइव्ह मिळेल, पैसे, कर्ज आणि डिलिव्हरी सोमवार ते शनिवार’ एवढं दारावर लिहिलं, आणि शेजारी आज सुट्टीवर कोण आहे याची यादी लावली, तर डीलरचं काहीही जात नाही. अर्ध्या माणसांना रविवार घरी मिळेल आणि गोकाकहून गाडी भाड्याने करून आलेलं कुटुंब संध्याकाळी रिकाम्या हाताने परत जाणार नाही. यादी लावणं तर अधिसूचनेतच आहे. ती लागली नसेल तर मॅनेजरला शांतपणे विचारा, आणि एखादा कामगार सुट्टीच मिळत नाही म्हणाला तर तक्रार कार्मिक इलाख्याच्या, म्हणजे कामगार खात्याच्या, निरीक्षकाकडे करता येते. ग्राहक म्हणून पैशाची किंवा डिलिव्हरीची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सणांचा हिशोब मात्र वेगळा लावावा लागतो, कारण मुहूर्त वार बघून येत नाही. २०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी होता. आदल्या दिवशीचा शनिवार महिन्यातला पाचवा असल्यामुळे बँका चालू होत्या, म्हणून ज्यांची कामं शनिवारी दुपारपर्यंत उरकली त्यांच्या गाड्या पाडव्याला दारात आल्या. त्याच वर्षीचा दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीला आला. कर्नाटकच्या १९६३च्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांच्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले आहेत. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार किंवा बदली सुट्टी द्यावी लागते. डीलर त्या दिवशी कमीत कमी माणसं बोलावतो, त्यामुळे दसऱ्याच्या रांगेत दहावा नंबर असेल तर पूजेची वेळ दुपारनंतरची धरा.

२०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, पुन्हा रविवारीच आहे. ७ नोव्हेंबर हा पहिला शनिवार, म्हणजे बँका उघड्या. त्या दिवशी गाडी हवी असेल तर उलटीकडून मोजा. शनिवारी सकाळी प्लेट बसलेली आणि विम्याची वेळ तपासलेली हवी. त्याआधी दोन दिवस नंबर आलेला हवा. महिनाअखेरीपर्यंत डीओ आणि कराचा भरणा, आणि १ नोव्हेंबर राज्योत्सवाची सुट्टी असल्यामुळे यार्डातली तपासणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच. बुकिंग दसऱ्याच्या आसपास, २० ऑक्टोबरच्या आधी. सवलत कमी मिळाली तरी चालेल, त्या पंधरवड्यात रंग आणि व्हेरिएंट हातात असणं जास्त महत्त्वाचं.